नमुना कोणाचा?

(नाशिक रोड येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



थेट विषयाला हात घालतो. पत्रिकेवर छापलं आहे, ‘जनुकविज्ञान आणि जैवविविधता : काही नैतिक प्रश्न’. असा विषय वाचल्यावर माणसं एकतर घरी थांबतात, नाहीतर डुलकी काढायला सभागृहात येतात. तुम्ही अजून जागे आहात, तेव्हा आपल्या दारणा नदीच्या काठापासूनच सुरुवात करू.

2020 चं साल आठवा. टाळेबंदी लागलेली, रस्ते ओस पडलेले आणि दोनवाडे, बाभळेश्वर, सामनगाव, पळसे या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे हल्ले सुरू झाले. लहान मुलं गेली, म्हातारी माणसं गेली. संध्याकाळ झाली की दारं लावून घ्यायची, अशी गावांची अवस्था झाली. वनखात्यानं पिंजरे लावले आणि एकामागून एक बिबटे त्यात अडकत गेले. पण अडकलेल्यांपैकी हल्ला करणारा कोणता? आत बांधलेल्या शेळीच्या वासानं जो शिरला तोच माणसावर गेला असेल, असं धरून चालता येत नाही. म्हणून पकडलेल्या बिबट्यांचे नमुने हैदराबादला सीसीएमबी या केंद्र सरकारच्या संस्थेकडे पाठवले गेले. वन्यजीवांच्या डीएनए तपासणीची मोठी प्रयोगशाळा तिथे आहे.

ही तपासणी चालते कशी, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे प्रश्न तिथूनच निघतात. बिबट्या चावतो तेव्हा जखमेच्या कडेला आणि फाटलेल्या कपड्यावर त्याची लाळ राहते. लाळेत तोंडाच्या आतल्या पेशी असतात आणि पेशीत डीएनए. कापसाच्या काडीनं ती पुसून घ्यायची, नीट वाळवायची, बंद करायची आणि पाठवायची. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात, की तिथे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात हे जनावरागणिक बदलतं. अशा पुष्कळ जागा एकत्र पाहिल्या की अमुकच बिबट्या, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. पकडलेल्या बिबट्याच्या रक्ताशी ते जुळलं तर तो सापडला.

हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात माणूस जखमी असेल तर घरचे आधी जखम धुतात, आणि तेच बरोबर आहे. मृतदेह असेल तर शोकात बुडालेल्या घरात शिरून काडी फिरवायची असते. लाळेत माणसाचं रक्त मिसळलेलं असतं. पावसाळ्यात डीएनए लवकर खराब होतो. मादी आणि तिची वाढलेली पिल्लं एकाच उसात असतील तर नात्यातले नमुने वेगळे काढायला जास्त जागा तपासाव्या लागतात. अहवाल येईपर्यंत गाव थांबत नाही आणि राजकारण तर नाहीच नाही.

तरीही ही तपासणी करायलाच हवी, असं माझं मत आहे. दिसेल तो बिबट्या उचलून दुसऱ्या जंगलात सोडल्यानं काय होतं, ते आपण शेजारच्या जुन्नर भागात पाहिलं आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की अशा स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. त्यांनीच अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. आणि हे जंगल नव्हतं, वस्ती होती. म्हणजे बिबटे आपल्यातच राहतात आणि त्यातले बहुसंख्य माणसाच्या वाटेला जात नाहीत. चुकीचा बिबट्या जन्मभर पिंजऱ्यात गेला तर एका जनावरावर अन्याय होतो, हे खरंच. पण गावाला त्याहून मोठा धोका असतो. हल्ला करणारा मोकळाच राहतो आणि लोक निर्धास्त होतात.

इथे एक प्रश्न मी मुद्दाम ठेवतो. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला प्रयोगशाळेचा अहवाल मराठीत, समजेल असा, कोणी हातात देतं का? नमुना त्यांच्या अंगणातून घेतलेला असतो. माझ्या दृष्टीनं जनुकविज्ञानातल्या नैतिकतेची पहिली परीक्षा हीच आहे. प्रयोगशाळेत यंत्र कोणत्या कंपनीचं आहे, हा प्रश्न बराच नंतरचा.

या सभागृहात प्रेसमधून निवृत्त झालेले बरेच जण बसले असतील. सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस, दोन्ही आपल्या नाशिक रोडचीच. तिथला कागद कसा मोजतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. छापलेला मोजतात, कोरा मोजतात आणि बिघडलेला तर जास्तच काळजीनं मोजतात. कागद कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, याची नोंद असते. जीवशास्त्राच्या नमुन्याला नेमकी तीच शिस्त लागते. कुठून घेतला, कोणी घेतला, कोणाच्या परवानगीनं, पुढे कोणाकडे गेला आणि उरलेल्याचं काय झालं, हे सगळं लिहिलेलं हवं. नोटेवर नंबर नसेल तर तिची किंमत काय, ते तुम्ही जाणता.

ही शिस्त मोडली की काय होतं, त्याचं फार नामी उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. वनपिंगळा हे छोटं घुबड. 1884 नंतर ते कोणाला निश्चितपणे सापडलं नव्हतं. संग्रहालयात मोजकेच मारून ठेवलेले नमुने, त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, तापीकाठचं मांडवी. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीअभ्यासक बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला. कातडं भरण्याची आणि शिवण्याची मूळ पद्धत जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या कलेक्टरच्या हातची निघाली. साहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातूनच नमुना चोरला, उसवून पुन्हा भरला आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावली! रासमुसेन बाईंनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

डीएनए पुढे 2018 मध्ये आला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि इतरांनी दाखवलं, की हा पक्षी पिंगळ्यांच्याच वंशात बसतो, त्याला वेगळा वंश देण्याची गरज नाही. शंभर वर्षांचा वाद मिटला. काम चांगलंच आहे. पण क्रम पाहा. पक्षी सापडला तो चिठ्ठीच्या खरेपणामुळे, आणि पुढे मेळघाटापर्यंत तो शोधला गेला तो पायपिटीमुळे. जनुकांनी त्याचं गोत्र सांगितलं. आज संशोधनाचे प्रस्ताव वाचताना मला हा क्रम उलटलेला दिसतो. डीएनएच्या अनुक्रमणाला, म्हणजे तो वाचण्याला, पैसा भरपूर असतो आणि रानात हिंडणाऱ्या पोराच्या प्रवासभत्त्याला कात्री लागते.

आता डांगी गाईकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

इगतपुरी, त्र्यंबक, अकोले हा डांगीचा मुलूख. इगतपुरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात दुसऱ्या जातीची गाय आठवडाभर उघड्यावर उभी करून पाहा. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो. तिच्या पाठीवरून हात फिरवला की बोटांना तो जाणवतो आणि पाणी तिच्या अंगात मुरत नाही. खूर काळे, टणक. कातळावर झिजत नाहीत, भातखाचराच्या चिखलात कुजत नाहीत. दूध बेताचंच, पण चिखलणीला हा बैल पाहावा. राजूरच्या प्रदर्शनाला किंवा घोटीच्या बाजारात गेलात तर म्हातारा माणूस जनावराच्या रंगावरून, वशिंडावरून, शिंगाच्या मुळावरून त्याचं घराणं सांगतो. अंगावर काळं किती आणि पांढरं किती यावरून पारा, बहाळा अशी नावं आहेत. कोणता वळू गावात ठेवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळी आणि ठाकर घरांनी ठरवलं. आज आपण ज्याला डांगीचा जनुकसंच म्हणतो, तो त्या निवडीतून घडला आहे.

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गोचिप आणि महिषचिप यांचं लोकार्पण झालं. त्याआधी 2021 मध्ये हैदराबादच्या पशुजैवतंत्रज्ञान संस्थेनं इंडिगऊ नावाची चिप काढली होती, तिच्यात 11,496 खुणा. चिप म्हणजे काचेची छोटी पट्टी. जनावराच्या डीएनएतल्या हजारो ठरावीक जागा ती एका दमात वाचते. मग संगणक सांगतो, या कालवडीची पुढे दुधाची क्षमता किती असेल. कालवड गाय होईपर्यंत वाट पाहायला नको. परदेशी संकरापेक्षा देशी जातींकडे लक्ष वळावं, हा हेतू उत्तम आहे आणि मी त्याचं स्वागत करतो.

पण संगणक हे भाकीत काढतो कशावरून? ज्या जनावरांच्या जनुकांची आणि दुधाची नोंद आधी झाली आहे, त्यांच्यावरून. असे कळप बहुतेक सरकारी किंवा संस्थांच्या फार्मवर असतात, गीर, साहिवाल अशा दुधाळ जातींचे. एका जातीवर बसवलेला हिशेब दुसऱ्या जातीला नीट लागू पडत नाही, हे जनुकविज्ञानातलं सर्वमान्य सत्य आहे. डोंगरातल्या डांगीचं दूध कोणी रोज मोजून लिहिलेलं नाही. तेलकट कातडीची, टणक खुराची, आठवडाभर पावसात तग धरण्याची नोंद तर कुठल्याच रकान्यात नाही. मग चिपवर डांगी नापास होणार आणि अहवालात ‘कमी क्षमतेची जात’ असं लिहिलं जाणार. पुढे त्या अहवालावरून कृत्रिम रेतनाची योजना बेतली जाईल आणि इगतपुरीच्या पावसात गीरचं वासरू कुडकुडेल.

यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. रकाना कोणी आखला, एवढाच प्रश्न आहे. डांगीवर जनुकीय काम करायचं असेल तर काय मोजायचं, हे ठरवताना राजूर-घोटीचे गोपालक टेबलाशी बसलेले हवेत. रक्त काढताना दोर धरण्यापुरते ते नकोत. आणि मोजण्याचे पैसे? राज्य सरकारनं 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं, त्याच सुमारास गोशाळेतल्या गाईला दिवसाला 50 रुपये अनुदान ठरलं. गोशाळेतल्या गाईला! जो माणूस डोंगरात कळप राखून जात टिकवतो, त्याच्या गाईसाठी यात काहीच नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या सगळ्याला एक छत्र मिळालं आहे. एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली. पाच वर्षांसाठी 172 कोटी 39 लाख रुपये. सागरी जीव, पिकांची देशी वाणं, देशी पशुधन, गोड्या पाण्यातले जीव, गवताळ माळरानं आणि चराऊ कुरणं, वनहक्काच्या जमिनी, वनांचं पुनरुज्जीवन, असे त्याचे विषय. काम राज्य जैवविविधता मंडळाकडे. मला यात सगळ्यात चांगलं काय वाटलं असेल तर वनहक्काच्या जमिनींचा समावेश. बियाणं शीतपेटीत ठेवलं की झालं, असं या प्रकल्पानं मानलेलं नाही. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जी वाणं राखली, ती दरवर्षी शेतात पेरली म्हणून राहिली.

आता कायदा. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक गावात आणि शहरात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि पुढे उशीर केल्यास राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड लावला. मग काय, वह्या धडाधड पूर्ण झाल्या! इतक्या घाईत भरलेल्या वहीत गावातल्या म्हातारीचं ज्ञान किती उतरलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

याहून मोठी फट दुसरीकडे आहे. परदेशी संशोधकाला आपल्याकडचा जैविक नमुना घ्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. भारतीय संशोधकाला निव्वळ संशोधनासाठी या कायद्याखाली ती लागत नाही. वन्यप्राणी असेल तर वनखात्याची लागते, ते वेगळं. म्हणजे पुण्या-मुंबईचा विद्यार्थी तुमच्या गावातून भाताच्या लोंब्या किंवा गाईचं रक्त घेऊन गेला, तर गावाच्या समितीला विचारण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पूर्वी यानं फारसं बिघडत नव्हतं. आता लोंबीचा जनुकीय अनुक्रम वाचला जातो आणि जगभर खुल्या असलेल्या संगणकीय भांडारात टाकला जातो. तिथून कोणतीही कंपनी तो उतरवून घेते. तिला लोंबी लागतच नाही.

हळदीचं प्रकरण आठवा. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेनं ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं. तिथे जुने ग्रंथ पुरावा म्हणून उभे राहिले. डांगीच्या कातडीबद्दल कोणता ग्रंथ दाखवणार आहोत आपण?

अनुक्रमाच्या या प्रश्नावर जगात खल चालू आहे. 2010 चा नागोया करार नमुन्यांपुरता होता. नुसत्या अनुक्रमाच्या माहितीतून होणाऱ्या फायद्यासाठी कोलंबियातल्या कॅली शहरातल्या परिषदेत निधी ठरला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो सुरू झाला. कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का द्यावा, असं त्यात आहे. सक्ती मात्र नाही, आणि स्वेच्छेवर सोडलेल्या वर्गणीचं काय होतं ते गणेशोत्सव मंडळवाल्यांना विचारा. आपल्याकडच्या 2025 च्या नियमावलीतही अनुक्रमाची माहिती आता आली आहे. पैसे गावाच्या समितीपर्यंत किती पोचतील, ते पाहायचं.

मला जास्त आशा न्यूझीलंडच्या उदाहरणातून वाटते. तिथे काकापो नावाचा न उडणारा पोपट आहे, अगदी थोडे उरले आहेत. जवळजवळ सगळ्या पक्ष्यांचे जनुकसंच वाचून झाले. पण ती माहिती सरसकट खुली केली नाही. ती हवी असेल तर सरकारच्या संवर्धन विभागाला विचारावं लागतं आणि नगाई ताहू या माओरी लोकांनाही. विज्ञान त्यामुळे अडलं नाही, 2023 मध्ये मोठा शोधनिबंध आला. आपल्याकडे जनुक कोशातली डांगीची माहिती गोपालकांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, असा नियम आजही करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही.

माहिती झाकून ठेवण्याचं आणखी एक कारण आपल्या अंजनेरीवर आहे. तिथली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदिलासारख्या फुलाची वेल. 2006 मध्ये शास्त्राला कळली आणि तिचं नावच या डोंगरावरून पडलं. अशा वेलीच्या नमुन्याबरोबर उपग्रहानं दिलेली अचूक जागा छापली, की हौशी संग्राहक कंद उपटायला येतात. अभ्यासकांनी जागा पुसट करून छापावी, पूर्ण नोंद वनखात्याकडे ठेवावी. अंजनेरी आता संवर्धन राखीव आहे. तिथे रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिककरांनी आवाज उठवला, त्या वेळी कोणाला जनुकसंचाची गरज भासली नाही. वेल तिथे आहे, एवढं पुरलं. प्रत्येक ठिकाणी डीएनए काढून दाखवल्याशिवाय निसर्गाची किंमत पटत नाही, अशी सवय आपल्याला लागू नये.

शेवटचं उदाहरण वाघाचं आहे, आणि त्यात माझंही मत पुरतं पक्कं झालेलं नाही.

ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काळ्या पट्ट्यांचे वाघ दिसतात, पट्टे इतके रुंद की वाघच काळा वाटतो. उमा रामकृष्णन यांच्या गटानं 2021 मध्ये दाखवलं, की एका जनुकातल्या एका बदलामुळे हे होतं आणि तिथल्या तिघांत एकाहून जास्त वाघ असे आहेत. कारण वाघ थोडे, बाहेरून नवं रक्त नाही, नात्यातच संबंध. यावर उपाय म्हणून 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तिथे राहिली नाही. डिसेंबरात ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालात गेली, तिच्यामागे तीन राज्यांचं वनखातं. शेवटी 29 डिसेंबरला बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून परत आणलं.

विज्ञानाच्या बाजूनं निर्णयाला आधार होता. पण ज्या गावांतून ती गेली, तिथल्या लोकांना कोणी विचारलं होतं? आणि ताडोब्यातली वाघीण ओडिशाला ट्रकनं न्यावी लागते, कारण मधली जंगलं तुटली. मध्य भारतातल्या वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून अभ्यासकांनी गेल्या दशकातच सांगितलं होतं, की जंगलांमधल्या वाटा टिकल्या तर वाघ स्वतःच जनुकं इकडून तिकडे नेतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर म्हणूनच पूल बांधून खाली प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या गेल्या आणि वाघ त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांत दिसलं आहे. ट्रकपेक्षा असा पूल महाग पडतो, पण एकदाच. असं असूनही, आज सिमिलीपालमध्ये नात्यातले वाघ वाढत असताना पूल बांधून होईपर्यंत थांबा, असं मी म्हणू शकेन का? मला खात्री नाही. वाघीण नेण्याआधी वाटेतल्या गावांशी बोलणं झालं असतं तर मी अधिक ठामपणे ‘न्या’ म्हटलं असतं.

नाशिक महापालिकेचीही जैवविविधता समिती असायला हवी, हे मघाशी सांगितलेल्या कायद्यानंच ठरवलं आहे. तिची वही पाहायला मागा. तो तुमचा हक्क आहे. दारणाकाठच्या बिबट्यांचे जे नमुने गेले, त्यांचे अहवाल त्या गावांच्या समित्यांकडे मराठीत असावेत, अशी मागणी या सभागृहातून जावी, असा प्रस्ताव मी मांडतो. अनुमोदन कोण देतं ते पाहू. त्यानंतर अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्न घेऊ.